मुशीचं काळीज

नवापूरच्या मच्छीमार आळीत डॉक्टर झालेला पहिला माणूस म्हणजे कमलाकांत तामोरे, आणि त्याच्याइतका बिनकामाचा डॉक्टर अख्ख्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. मुंबईहून पीएच.डी. घेऊन तो घरी आला तेव्हा म्हातारी रखमाबाई पाठीची कळ घेऊन ओटीवर येऊन बसली. आपण तसले डॉक्टर नव्हे, जीवरसायनशास्त्राचे डॉक्टर, असं त्यानं तिला घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. रखमाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना त्याच्या आईला विचारलं, "येसू, पोर नापास झाला काय गो?"

तेव्हापासून आळीत कुणाला काही समजावण्याच्या भानगडीत कमलाकांत पडला नाही. आई, येसूबाई, कधी विचारायची, "तू तिथं करतो तरी काय?" तर तो सांगायचा, "औषधाचं काम हाय, आय." एवढ्यावर दोघांचं भागत असे.

खरं काम सांगायला तसं फार अवघड नव्हतं. मुशी म्हणजे आपल्या किनाऱ्यावर मिळणारा लहान शार्क. तिच्या अंगात युरिया ठासून भरलेला असतो, शेतात टाकायला तेव्हा पोत्यांतून येऊ लागला होता तोच युरिया. दुसऱ्या कुठल्या प्राण्याची प्रथिनं इतक्या युरियात टाकली तर त्यांची घडी विस्कटते आणि ती कामातून जातात. मुशी मात्र खुशाल पोहत असते. हा युरिया तिच्या काळजात, म्हणजे यकृतात, तयार होतो आणि तो करणारं एक विकर तिथल्या पेशींत असतं. विकर म्हणजे पेशीतलं काम उरकणारं प्रथिन. ते त्याच युरियात बसून मोडत कसं नाही, हे कमलाकांतला शोधायचं होतं. त्यानं ते काळजातून वेगळं काढलं होतं आणि युरियात टाकून चालतं करून दाखवलं होतं. पण एकदाच.

अमेरिकेतल्या लिंडस्ट्रॉम नावाच्या प्राध्यापकांना त्याचं काम आवडलं. पीएच.डी. झालेल्या माणसासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या संशोधनाची जागा होती. ती त्यांनी कमलाकांतसाठी राखली आणि एक अट घातली. प्रयोग पुन्हा करायचा आणि फेब्रुवारी संपायच्या आत आकडे तारेनं कळवायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. अट रास्तच होती. एकदाच आलेला निकाल म्हणजे निकाल नव्हे, असं कमलाकांत स्वतःच प्रयोगशाळेतल्या धाकट्या मुलांना ऐकवत असे. त्यानं मुंबईच्या बाजारातून मुशी आणून पुन्हा पुन्हा प्रयोग केला आणि दर वेळी हात हलवत परत आला. बाजारात येईपर्यंत मासा शिळा झालेला असे आणि विकर मेलेलं असे. पहिल्या वेळचं काळीज त्यानं दिवाळीत घरून, होडीवरून उतरवलं तसं बर्फात घालून नेलं होतं.

म्हणून १९६७ सालच्या माघात तो पुन्हा नवापूरला येऊन बसला होता. शिष्यवृत्ती संपली होती. मुंबईच्या प्रयोगशाळेतलं त्याचं टेबल नव्या मुलाला मिळालं होतं, आणि सरांनी उपकार म्हणून शीतगृहाची किल्ली रविवारपर्यंत त्याच्याकडे राहू दिली होती. जर्मनी, कॅनडा, स्वीडन, जिथं जिथं त्यानं अर्ज केले तिथून गोड शब्दांत नकार आले होते. ही जागा गेली की संशोधन संपलं हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तिशी गाठलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कोण विचारतो? 

त्यात मुशी मिळेना, आणि मिळाली तरी तिचं काळीज मिळेल याचा भरवसा नव्हता. त्या आळीत मुशीचं काळीज माणसाचं नसतं, होडीचं असतं. मासा कुणाच्याही वाट्याला जावो, काळीज बाजूला काढायचं, चुलीवर उकळून त्याचं तेल करायचं आणि ते होडीच्या फळ्यांना चोळायचं. फळ्या त्याच तेलावर टिकतात. तळाशी उरलेलं चमचाभर खोकणाऱ्या पोरांना पाजतात.

होडी त्याच्या चुलत्याची, जानू तांडेलाची. कमलाकांतनं काळीज मागितलं तसा जानू भडकला. "होडीच्या तोंडचा घास तुझ्या सायबाला देऊ? दिवाळीला गुपचूप नेलास, मी गप बसलो."

कमलाकांतनं सरळ त्याचे पाय धरले. चष्मा लावलेला, शिकूनसवरून मोठा झालेला पुतण्या भर किनाऱ्यावर वाळूत वाकलेला बघून जानूच कावराबावरा झाला.

"ऊठ, ऊठ. लोक बघतात. घे एक डाव. पण परत मागशील तर होडीवर पाय ठेवू देणार नाय."

शनिवारी सकाळी होडी लागली. पाटीत मुश्या होत्या, अजून शेपट्या आपटणाऱ्या. कमलाकांतनं स्वतः पोटं फाडली, गरम काळजं मेणकापडात गुंडाळली आणि घराकडे धावला. चहाच्या मोठ्या पेटीत भुसा आणि त्यात बर्फ, अशी तयारी त्यानं करून ठेवली होती. पण बर्फ त्यानं खाडी ओलांडून सातपाटीहून आणला होता तो गुरुवारी, आणि होडीची वाट बघता बघता तो नारळाएवढा उरला होता. सकाळची गाडी गेलेली. पुढची संध्याकाळी. तोवर एवढ्याशा बर्फावर काळजं राहणं शक्य नव्हतं, आणि पेटी उन्हातून सायकलवर घेऊन फिरणं म्हणजे हातानं नासवणं. सातपाटीला जावं तर ओहोटीमुळे खाडी ओलांडणारी नाव बंद होती. राहता राहिलं बोईसर.

पेटी त्यानं माजघरात, सावलीला ठेवली. "आय, हिला हात लावू नको. उघडू पण नको. मी बर्फ घेऊन आलो."

"हात कशाला लावू? औषध ना ते?" येसूबाई म्हणाली.

"होय, औषध," असं म्हणून तो सायकलवर बसला.

बोईसर स्टेशनासमोर चंद्रभानचं सोडावॉटरचं दुकान होतं आणि त्याच्याकडे बर्फाची लादी यायची. चंद्रभान भुशाचं रिकामं पोतं दाखवत म्हणाला, "पहाटेच गेली की. तिकडं बांधकामावरल्या लोकांच्या झोपड्यांत एक माणूस तापानं गेला. भाऊ संध्याकाळच्या गाडीनं यायचाय नगरहून, तवर ठेवायचाय."

"दुसरीकडे कुठं?"

"पालघर. पण तिथनं तुम्ही आणेस्तोवर त्याचं पाणी."

कमलाकांत दुकानासमोर उभा राहिला. काय करायचं ते त्याला त्याच क्षणी सुचलं होतं, आणि आपल्याला हे सुचावं याची त्याला किळस आली. तरी सायकल त्यानं झोपड्यांकडेच वळवली. बुडणाऱ्याला लाज नसते म्हणतात, ती त्याची त्या दिवशी पुरती गेली.

अणुवीज केंद्राच्या बांधकामावर राबणारी माणसं मैदानात पत्र्याच्या झोपड्या टाकून राहत. एका झोपडीपुढे गर्दी होती. आत बन्सी नावाचा तरणा माणूस चटईवर होता, पांढऱ्या चादरीखाली, आणि दोन्ही अंगांना पोत्यात गुंडाळलेला बर्फ. बायको सुगंधा भिंतीला टेकून बसली होती. तिचं रडून झालं होतं. उशाशी बन्सीची आई, रत्नाबाई, हातपंख्यानं लेकाला वारा घालत होती.

"अरे भाई, किधर घुसता है?" दारातल्या एकानं हटकलं.

कमलाकांतनं हात जोडले. बर्फ पाहिजे, थोडा, निम्मा, असं काहीतरी तो बोलला. आधी कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा एकानं त्याची कॉलर धरली. कमलाकांत मागे सरला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मेलेल्या माणसासाठी नव्हतं, हे त्याला स्वतःला ठाऊक होतं.

रत्नाबाईनं पंखा थांबवला. "सोडा त्याला. कशाला पाहिजे रे बाबा?"

खरं सांगायचं तर किती सांगायचं होतं. विकर, युरिया, अमेरिका. त्याच्या तोंडातून नेहमीचं तेच निघालं. "औषधाचं काम आहे, आजी. बर्फ नसला तर औषध नासेल."

"कशाचं औषध?"

त्याची नजर बर्फाच्या पोत्याकडे गेली.

"तापाचं हाय का?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. पेटीतला नारळाएवढा बर्फ त्याच्या डोळ्यांपुढे वितळत होता. "होय," कमलाकांत म्हणाला.

रत्नाबाई स्वतः उठली. लेकाच्या डाव्या अंगाचं पोतं तिनं ओढून काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. "न्या. माझ्याला न्हाई मिळालं येळंवर. दुसऱ्या कुनाच्या लेकराला मिळू द्या."

सुगंधानं पहिल्यांदाच मान वर केली.  कमलाकांतनं पोतं कॅरियरला बांधलं आणि मागे न बघता सायकल हाणली. रस्ताभर थंड पाणी त्याच्या टाचांवर गळत होतं. तो मनात एकच म्हणत होता, उद्या रात्री आकडे आले की सगळं फिटेल, सगळ्यांचं फिटेल. कसं फिटणार होतं ते मात्र त्याला सांगता आलं नसतं.

घराच्या वळणावरच त्याला वास आला. या वासात तो लहानाचा मोठा झाला होता, नाकाला कळायला वेळ लागत नाही. त्यानं सायकल तशीच टाकली आणि आत धावला.

चुलीतली लाकडं बाहेर ओढलेली होती. माजघरातली पेटी उघडी, आत ओला भुसा. येसूबाई जमिनीवर बसून फडक्यातून शेवटचं तेल बाटलीत गाळत होती. तिच्या चेहऱ्यावर वेळेवर काम उरकलेल्या बाईचा थकवा होता.

"आलास?" ती म्हणाली. "अरे, तू गेलास आन बर्फाचं पाणी झालं. पेटीखालनं वाहायला लागलं. मी वाट बघितली, रस्त्यापर्यंत जाऊन आले. शेजारची काशीबाई बोलली, येसू, वास सुटला, आता नासणार. होडीचा घास मागून आणलास तू, जानूचे पाय धरून. तो काय उकिरड्यावर टाकू? म्हणून उकळलं. सगळं औषध निघालं बघ. एक थेंब फुकट नाय घालवला."

तिनं बाटली उजेडात धरली. तेल सोन्यासारखं स्वच्छ होतं. तिनं ते दोनदा गाळलं होतं.

कमलाकांत उंबऱ्यातच बसला. प्रत्येक प्रयोगात एक नळी असते, जिच्यातलं विकर मुद्दाम उकळून मारून टाकतात. त्या नळीत काहीच घडत नाही, घडू नये म्हणूनच ती ठेवतात. इतकी वर्षं तो ती नळी स्वतःच्या हातानं उकळत आला होता. आज आईनं सगळंच त्या नळीत घातलं होतं.

ओरडावं, बाटली भिंतीवर फोडावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी त्याला आईचा रागच आला, जळजळीत राग. पण ती त्याच्याकडे बघत होती, आणि ते बघणं बघून त्याची जीभ उचलेना.

"बरोबर झालं ना?" तिनं विचारलं.

"बरोबर झालं, आय."

"मग हा बर्फ?"

"लोकांचा हाय. परत द्यायचा."

संध्याकाळच्या गाडीला सोडायला येसूबाई त्याच्याबरोबर निघाली. सायकल हातात, मागे निम्मं झालेलं पोतं, आणि बाटली तिच्या पदराखाली. "तू आपटशील," ती म्हणाली. वाटेत भेटेल त्याला ती सांगत होती की पोराचं काम झालं, औषध अमेरिकेला चाललं. कमलाकांत मान खाली घालून चालत होता. 

झोपडीपुढे गर्दी कमी झाली होती. भाऊ अजून यायचा होता. कमलाकांतनं पोतं आत नेलं आणि होतं तिथं, बन्सीच्या डाव्या अंगाला ठेवलं. लादीचा चुरा उरला होता.

"झालं तुमचं औषध?" रत्नाबाईनं विचारलं.

तो उत्तर देण्याआधीच येसूबाई पुढे झाली. चादरीखालचा माणूस बघून तिच्या सगळं ध्यानात आलं होतं. आपल्या लेकानं कुणाच्या अंगावरचा बर्फ उचलला ते तिला कळलं. तिनं पदराखालून बाटली काढून रत्नाबाईच्या पायांशी ठेवली. "झालं बाय, तुझ्या लेकाच्या बर्फानं झालं. हे घे. घरात दुसरं कोण तापलं तर राहू दे. आमचं आमी काय ते बघू."

रत्नाबाईनं दोन्ही हातांनी बाटली उचलली आणि कपाळाला लावली.

आता कमलाकांतला राहवेना. "नका घेऊ, आजी," तो म्हणाला. "त्यानं ताप उतरत नाही. ते औषध नाही. मी खोटं बोललो."

"मग काय हाय?"

"तेल. होडीला लावायचं तेल." तो आईकडे वळला. तिच्याकडे बघून बोलणं कठीण होतं, तरी तो बोलला. "मला तेल नको होतं, आय. काळीज कच्चंच पायजे होतं, थंड. त्यात एक वस्तू असते, ती उकळली की मरते. ती मेली. माझी अमेरिका गेली."

 रत्नाबाईनं बाटली खाली ठेवली आणि ती पुन्हा पंखा घेऊन लेकाशेजारी बसली. सुगंधा हळूच म्हणाली, "जा आता तुम्ही." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

 स्टेशनवर गाडी आली तेव्हा येसूबाईही त्याच्यामागोमाग डब्यात चढली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. परदेशी तार पालघरलाच घेतात, म्हणून लिंडस्ट्रॉमना कळवायला त्याला तिथं उतरायचं होतं.

उमरोळी स्टेशन गेलं तसा त्याच्या डोक्यात एक विचार शिरला आणि ठाण मांडून बसला. पहिल्या प्रयोगाचे आकडे त्याला तोंडपाठ होते. थोडे इकडेतिकडे करायचे आणि कळवून टाकायचे. कोण बघायला येणार? निकाल खराच होता, त्याची त्याला शंभर टक्के खात्री होती. अमेरिकेत पोचल्यावर तो पुन्हा करून दाखवला असता, म्हणजे आजचं खोटं उद्या खरंच ठरलं असतं. पालघर येईपर्यंत त्याचे आकडे मनात जुळूनही झाले. समोर आई खिडकीबाहेर बघत बसली होती. बाटली झोपडीतच राहिली होती, तरी तिचा हात पदराखाली तसाच धरलेला होता. एकाच दिवशी, एकाच खोट्यानं, दोन आयांना त्यानं कुठं आणून सोडलं होतं! 

तारघरातल्या कारकुनानं कागद पुढे केला. कमलाकांतनं पेन काढलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि इंग्रजीत लिहिलं.

"काय लिवलंस?" येसूबाईनं विचारलं. बोईसर सोडल्यापासून तिचं हे पहिलं बोलणं.

"प्रयोग पुन्हा करता आला नाही. जागा दुसऱ्याला द्यावी."

"असं कसं? तुला आला नाय?" तिचा आवाज चढला तसे बाकावरचे लोक बघू लागले. "तुला येत होता! एकदा केलास ना तू? आन आजपण केला असतास. खोडून टाक ते. लिव, पोराला येतं सगळं, पण त्याच्या आयशीनं काळीज चुलीवर ठेवलं. माझं नाव घाल. येसूबाई तामोरे, नवापूर."

"आय, असं नसतं. ते लोक असं मानत नाहीत."

"का नाय मानणार? मी कबूल करते ना?"

त्याच्या मनीऑर्डरी घेताना पोस्टमन अंगठा कसा उठवून घेतो ते तिला माहीत होतं. टेबलावर शाईचा पॅड उघडा होता. कुणी काही म्हणायच्या आत तिनं आपला अंगठा त्यावर दाबला, चांगला काळा करून घेतला आणि कारकुनापुढे धरला.

"कुठं लावू, दादा? अमेरिकेला दिसेल असा लावते."

कारकून वयस्क होता, सज्जन होता. त्यानं एकदा कमलाकांतकडे आणि एकदा त्या अंगठ्याकडे बघितलं.

"बाई," तो म्हणाला, "अंगठा तारेनं जात नाही."